दृष्ट लागलेल्या मोटारसायकलचा पिवळा दिवा

मी एक पिवळा दिवा बोलतोय. मोटारसायकलच्या हँडलमागे जी काळी काच असते, तिच्या डाव्या कोपऱ्यात माझी जागा. आकाराने मी चवळीच्या दाण्याएवढा. माझ्यावर इंजिनाचं चित्र कोरलेलं आहे, पण ते कुणालाच इंजिनासारखं वाटत नाही. आसिमीनाबाईंना तर ते पहिल्या दिवसापासून कॉफी उकळायच्या भांड्यासारखं दिसत आलंय. मी लागलो की त्या गॅलरीतून जावयाला सांगत, "मांथोस, तुझं भांडं पुन्हा लागलं."

माझ्या शेजारी बाकीची मंडळी राहतात. तेलाचा लाल दिवा आहे. तो लागला की माणसं जागच्या जागी गाडी बंद करतात, इतका त्याचा दरारा. हिरवा दिवा सगळ्यांचा लाडका, निळा जरा दिमाखदार. माझं मात्र वेगळं आहे. मला एकच गोष्ट सांगता येते: काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते मला सांगता येत नाही. विचार करा, आयुष्यभर तुम्हाला फक्त एवढंच बोलायची मुभा असती, तर लोक तुमच्याशी कसे वागले असते? माझ्याशीही ते तसेच वागतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला एकदा लावलं, एकदा विझवलं आणि "हा चांगला आहे" म्हणून पुढे सरकवलं. पहिलं कौतुक झालं ते विझल्याबद्दल. तेव्हाच कळलं की आपल्याला न दिसण्यातच मोठेपणा मिळवायचा आहे.

माझा पहिला मालक वोलोस शहरातला दातांचा डॉक्टर होता. त्याने गाडी घेतली, तिच्यावर कापड घातलं आणि दर रविवारी ते कापड बदललं. दोन वर्षांत मी समुद्र एकदाच पाहिला. मग त्याने गाडी विकायला काढली, आणि पेलिओन डोंगरावरून मांथोस नावाचा नळकाम करणारा माणूस ती घ्यायला खाली आला.

मांथोस मला आवडला. डोंगरातल्या गावोगावी जाऊन तो पाण्याचे नळ आणि घर गरम ठेवायचे बॉयलर दुरुस्त करतो. मागे लोखंडी पेटीत त्याची हत्यारं. लोकांच्या अंगणात गाडी उभी असली की मला आतलं त्याचं बोलणं ऐकू यायचं. "बॉयलरचा दिवा तीन आठवडे लागलेला होता ना? मग त्याच दिवशी फोन का नाही केलात? दिवा काय शोभेला लावलाय?" हे ऐकून माझी छाती फुगायची. वाटायचं, आपल्याला कदर असणारा माणूस मिळाला.

मांथोस सासूच्या घरी राहतो. घरात तो, त्याची बायको रोदांथी, सासू आसिमीनाबाई आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली त्यांची मुलगी. मुलीला तेव्हा नाव नव्हतं. बाप्तिस्मा होईपर्यंत तिथे मुलांना नुसतं बाळ म्हणतात. नऊ वर्षं रोदांथीने किती डॉक्टर केले आणि आसिमीनाबाईंनी किती चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, ते मला माहीत नाही. पण बाळ जरा शिंकलं तरी बाई घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बाई जे वागल्या ते ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. तो येऊ देऊ नका. त्या घाबरलेल्या होत्या.

आता थ्रासोसबद्दल. तो गावातला एकुलता एक मेकॅनिक आणि मांथोसचा शाळेपासूनचा मित्र. बाळ पोटात होतं तेव्हाच ठरलं होतं की तिचा धर्मबाप, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात घेऊन तिची जबाबदारी घेणारा माणूस, थ्रासोसच होणार. माणूस मोठा सज्जन. त्याच्यात वाईट एकच होतं, आणि तेही त्याच्या हातात नव्हतं. त्याचे डोळे निळे. आमच्या काळ्याभोर डोळ्यांच्या गावात असे दुसरे डोळे नव्हते, आणि निळ्या डोळ्यांची दृष्ट लागते ही गोष्ट तिथे लहान मुलंही जाणतात. थ्रासोसला लहानपणापासून त्याची सवय होती. कुणी नवी गाय दाखवली की तो आपल्या बुटांकडे बघायचा. लग्नात नवरीकडे बघायच्या वेळी त्याला नेमकं सिगारेट ओढायला बाहेर जायचं असायचं.

पण मांथोस गाडी घेऊन आला त्या दिवशी त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला आणि तो बुटांकडे बघायला विसरला. गाडीभोवती तीन चकरा मारून तो म्हणाला, "काय गाडी आणलीयस लेका. असलं इंजिन या डोंगरात दुसरं नाही."

आसिमीनाबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

त्याच संध्याकाळी बाई खाली आल्या. त्यांच्या हातात संत ख्रिस्तोफोरोसचं चित्र होतं. प्रवाशांची राखण करणारा संत. जत्रेत मिळतात तसं, पत्र्याचं, गोल, बशीतल्या लाडवाएवढं, आणि मागे भक्कम लोहचुंबक. बाईंनी गाडीला क्रूसाची खूण केली आणि संताला हँडलवरच्या लोखंडी पट्टीवर, उजव्या मुठीला अगदी खेटून बसवलं. खटकन आवाज झाला. बाईंना तो आवाज मोठा आश्वासक वाटला.

त्या मुठीत काय असतं ते सांगतो, मग पुढचं सोपं आहे. आमच्या गाडीला रेस द्यायची तार नाही. मुठीच्या आत दोन जुळे भाऊ राहतात. मूठ किती पिळली ते दोघंही एका इवल्याशा चुंबकाकडे बघून सांगतात, आणि सीटखालची संगणकाची पेटी दोघांचं ऐकते. दोघांचं म्हणणं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर पेटी दोघांवरही विश्वास ठेवत नाही. ती इंजिनाला हळूच सांगते, "घरापर्यंत कसंबसं ने, जोर करू नकोस," आणि मला सांगते, "लाग." गाडी मग लंगडत चालते. माणसाला ते संकट वाटतं, पण खरं तर ती काळजी असते.

संत बसला आणि धाकट्या जुळ्याचा सगळा गोंधळ उडाला. "कुणीतरी माझा कान ओढतंय," तो रात्रभर कुरकुरत होता. सकाळी मांथोसने चावी फिरवली. मी लागलो.

आणि माझा कदरदान मांथोस काय करतो? तो मला बोटाने टकटक करतो. माझ्यावर फुंकर घालतो. गाडी बंद करून चालू करतो, मग पुन्हा बंद करतो आणि जरा वेळ दुसरीकडे बघून, मला गाफील पकडल्यासारखा, पुन्हा चालू करतो. त्याने बॅटरीची तार काढून बसवली. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं. जोडण्यांवर कसलासा फवारा मारला. फोनवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला, तो माणूस चाळीस मिनिटं बोलला आणि शेवटी म्हणाला की प्रत्येक गाडीचं कारण वेगळं असतं. आठ दिवसांनी मांथोसने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि माझ्या तोंडावर चिकटवला. दुसऱ्यांच्या बॉयलरसाठी भांडणारा हा माणूस.

पट्टीआड अंधार होता, पण कान शाबूत होते. रोदांथीने त्याला तीनदा विचारलं की गाडी थ्रासोसकडे का नेत नाहीस. मांथोस पुटपुटला की आईंनी मनाई केली आहे. ज्याची दृष्ट लागली त्यालाच पुन्हा गाडी दाखवायची म्हणजे आगीत तेल, असं आईंचं म्हणणं. अशा रीतीने गावात ज्याला मला समजून घेता आलं असतं असा एकच माणूस होता, आणि माझ्याकडे बघायला बंदी होती ती त्यालाच.

एका शनिवारी बाईंनी गाडीची दृष्ट काढायचं ठरवलं. वाडग्यात पाणी घेतलं, बोट तेलात बुडवून थेंब सोडले, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. तेल पाण्यात पसरलं, म्हणजे दृष्ट नक्की. बाईंना एकामागून एक जांभया आल्या. जितक्या जांभया, तितकी दृष्ट जबर. अकरा झाल्या. मग बाईंनी संताला हँडलवरून काढलं आणि पवित्र पाण्याने पुसून रात्रभर घरातल्या देवाच्या फळीवर ठेवलं.

संत गेला तसा धाकटा जुळा शहाण्यासारखा बोलू लागला. रविवारी सकाळी मांथोसने पट्टी काढली, चावी फिरवली, दोनतीनदा गाडी चालू-बंद केली आणि मी विझलो. मांथोसने सासूचे हात हातात घेतले. गाडी डोंगरावर उडत गेली. संध्याकाळी बाईंनी कृतज्ञतेने संताला परत त्याच्या जागी बसवलं, आणि त्याच वेळी थ्रासोस गल्लीतून पाव घेऊन जाताना हात हलवून गेला.

सोमवारी मी लागलो. बाईंना हवा होता तो पुरावा मिळाला.

मग मांथोस गाडी वोलोसला एका मोठ्या दुरुस्तीघरात घेऊन गेला. तिथल्या माणसाने गाडी धुवायला घेण्याआधी संताला काढून पिशवीत ठेवलं. दोन दिवस गाडी उत्तम चालली. कागदावर लिहून आलं की दोष आढळला नाही. मांथोस पिशवी घेऊन घरी आला आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बाई म्हणाल्या, "पाहिलंस ना? चाळीस किलोमीटर लांब गेली तेव्हा बरी होती. तिथवर त्याची नजर पोचत नाही."

मी इतका लागलो, इतका लागलो की त्याहून जास्त लागणं माझ्या हातात नव्हतं. एक अक्षर बोलता आलं असतं तर मी "संत" म्हणालो असतो. पण मला फक्त पिवळं होता येतं.

गाडीपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण बाप्तिस्म्याला पाच दिवस उरले असताना बाईंनी जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं की लोखंडाच्या गाडीची ज्या डोळ्यांनी ही गत केली, ते डोळे बाळाच्या अंगावर झुकलेले त्यांना चालणार नाहीत. धर्मबाप म्हणून लारिसा शहराहून मांथोसच्या चुलतभावाला बोलवा. रोदांथी रडली. मांथोस म्हणाला, आई, थ्रासोस मला सख्ख्या भावासारखा आहे. बाई म्हणाल्या, "मलाही तो आवडतो रे. पण नऊ वर्षं वाट पाहिली आहे आपण. तू नळ पुन्हा बसवू शकतोस. मी काय पुन्हा बसवू?"



गुरुवारी मांथोस थ्रासोसच्या दुरुस्तीघरापुढे थांबला. गाडी त्याने कोपऱ्यापलीकडे उभी केली होती, तरी मला सगळं ऐकू आलं. मांथोसने आधी हवेबद्दल बोलून पाहिलं, मग सफरचंदांबद्दल, आणि मग सांगितलं. थ्रासोस बराच वेळ हात पुसत राहिला. बाळाच्या गळ्यातला सोन्याचा क्रूस त्याने घेऊन ठेवला होता, धर्मबापाने तो द्यायचा असतो. त्याने तो खणातून काढून मांथोसच्या हातात दिला. म्हणाला, "हा चुलतभावाला दे, त्याला धावपळ नको. मी येईन चर्चमध्ये. मागे उभा राहीन, खाली बघून. त्याला तर बाईंची हरकत नाही ना?"

परत येताना मांथोस गाडी नेहमीपेक्षाही हळू चालवत होता, आणि त्या वेळी त्यात माझा दोष नव्हता.

रविवारी सकाळी रोदांथी बाळाला आणि बाईंना घेऊन बहिणीच्या मोटारीतून वरच्या चर्चमध्ये गेली, मांथोस मागून गाडीवर. तिथे कळलं की बाई तेलाची बाटली घरी विसरल्या. बाळाच्या अंगाला लावायचं तेल, बाईंच्या स्वतःच्या झाडांचं, त्याच्याशिवाय विधी होत नाही. म्हणून मांथोस बाईंना घेऊन गाडीवर परत आला, बाटली घेतली आणि पुन्हा वर निघाला. पाद्रीबाबांना बारा वाजता दुसऱ्या गावात जायचं होतं आणि अकरा वाजत आले होते. मागच्या सीटवर काळ्या पोशाखात बाई, एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने जावयाचा कोट धरलेला. मी लख्ख पिवळा. गाडी लंगडत होती, पण चालत होती.

झऱ्याजवळच्या वळणावर खडा चढ आहे. तिथे ती हळू झाली, मग फारच हळू, आणि मग दोन माणसांचं ओझं घेऊन चढेचना. मागून एक जुनी निळी व्हॅन येत होती. ती मघापासून मागेच रेंगाळत होती, पुढे जात नव्हती. पुढे जायचं तर आमच्या गाडीकडे बघावं लागलं असतं. व्हॅनमध्ये थ्रासोस होता, लग्नातला कोट घातलेला.

तो उतरला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बाईंना म्हणाला, मावशी, व्हॅनमध्ये बसा, मी वर सोडतो.

बाईंनी बाटली छातीशी धरली. "तेल तुझ्या नजरेसमोरून न्यायचं? नको रे बाबा."

मग थ्रासोस म्हणाला, "डोळे मिटून व्हॅन चालवता येत नाही. पण गाडी तपासता येते. चालेल?"

बाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "घट्ट मिट," त्या म्हणाल्या.

आणि मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत विचित्र देखावा पाहिला. डोळे मिटलेला मेकॅनिक, आणि त्याची बाही धरून त्याला गाडीकडे आणणाऱ्या आसिमीनाबाई. "दगड आहे, पाय उचल," त्या त्याला सांगत होत्या. त्याने विचारलं की कुठला दिवा लागलाय. मांथोस म्हणाला, पिवळा. बाईंनी खुलासा केला, कॉफीच्या भांड्याचा. एकटाच की आणखी कुणी? एकटाच. मूठ पिळली की इंजिन ओरडतं की कुरकुरतं? कुरकुरतं. मग त्याने विचारलं, "मुठीच्या आसपास गाडीला नवीन काही लावलंयस का?"

"काही नाही," मांथोस म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी संत ही लावलेली वस्तू नव्हतीच.

थ्रासोसचे हात हँडलवरून सावकाश चालत गेले. काळे, भेगा पडलेले, पण फार हलके हात. माझ्यावरूनही गेले, आणि टकटक न करता गेले. मग उजव्या मुठीजवळ ते थांबले. "हे गोल काय आहे?"

"संत ख्रिस्तोफोरोस," बाई म्हणाल्या.

"केव्हापासून आहे?"

"तू गाडीची स्तुती केलीस त्या संध्याकाळपासून."

"आणि दिवा?"

"दुसऱ्या दिवशी सकाळ..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"मावशी, मी हात लावत नाही. तुम्हीच त्याला जरा काढून हातात घ्या आणि चार पावलं लांब जा."

बाईंनी संताला काढलं. चिकटून बसला होता, जोर लावावा लागला. त्या झऱ्यापर्यंत गेल्या. मांथोसने चावी फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. तिसऱ्या खेपेला पेटी मला म्हणाली, "पुरे." मी विझलो. मांथोसने मूठ पिळली आणि इंजिनाचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला.

बाई संताला उलटं करून त्याच्या पाठीवरचं चुंबक बघत होत्या. त्यांनी ते बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला लावून पाहिलं. खटकन चिकटलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला पुन्हा लागून त्यांची सुटका करावीशी वाटली.

थ्रासोसचे डोळे अजून मिटलेलेच होते. तो म्हणाला, "यात संताचा काही दोष नाही, मावशी. तुमचाही नाही. मुठीतला तो सेन्सर फार हळवा असतो, जवळ चुंबक सोसत नाही त्याला. मागच्या पेटीत ठेवा, तिथूनही राखण होते."

संताला बाईंनी स्वतः हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या वर, रुमालात गुंडाळून ठेवलं. मग त्या थ्रासोससमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डोळे उघड."

"उघडू?"

"उघड म्हटलं ना. बाळाला तेल लावताना मिटून लावणार आहेस का?"

त्याने डोळे उघडले. उन्हात ते खरंच फार निळे होते. बाईंनी नजर बाजूला वळवली नाही. तेलाची बाटली त्याच्या हातात दिली आणि स्वतः जाऊन व्हॅनमध्ये बसल्या. "चल आता, आणि सावकाश चालव," त्यांनी आतून सांगितलं.

चर्चच्या पायऱ्यांशी मी उभा होतो, आतलं काही दिसलं नाही. पण नाव मोठ्याने सांगायचं काम धर्मबापाचं असतं, ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. थ्रासोसने सांगितलं, "आसिमीना." आजीचं नाव नातीला. त्यानंतर आत कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं, आणि ते बाळ नव्हतं. लारिसाच्या चुलतभावाला पद गेल्याचं दुःख झालं नाही. बाळाने धर्मबापाच्या कोटाची जी अवस्था केली ती पाहून तो पायऱ्यांशी गाडीला टेकून बराच वेळ हसत होता.

याला आता वर्ष होऊन गेलं. बाई हल्ली सगळ्यासाठी थ्रासोसलाच बोलावतात. फ्रिज गुरगुरला तरी, रक्तदाब मोजायचं यंत्र चुकीचा आकडा दाखवतंय असं वाटलं तरी. तो मेकॅनिक आहे, डॉक्टर नाही, हे त्याने सांगून पाहिलं.

तुमच्याही घरी माझा कुणी ना कुणी भाऊबंद असेल, गाडीवर, बॉयलरवर, कुठेतरी. तो लागला तर त्याला बोटाने टकटक करू नका आणि त्याच्या तोंडावर पट्टी लावू नका. कुणाची नजर लागली ते शोधण्याआधी, काल आपण स्वतः काय लावलं, काय हलवलं, ते एकदा आठवा. आणि ज्याला यातलं कळतं त्याला बोलवा, मग त्याचे डोळे कुठल्याही रंगाचे असोत. माझी एवढीच विनंती आहे.

मी आता फारसा लागत नाही. फक्त चावी फिरवली की आम्हा सगळ्या दिव्यांची क्षणभर हजेरी होते, सगळे एकदम लागतो आणि मग एकेक करून विझतो. रविवारी दुपारी थ्रासोस छोट्या आसिमीनाला पेट्रोलच्या टाकीवर बसवतो आणि चावी फिरवतो. बाकीच्यांकडे ती बघतही नाही. चिकट बोट थेट माझ्यावर ठेवते. मी विझतो आणि तिचा ओठ बाहेर येतो. आजवर मी विझलो म्हणून प्रत्येकाने सुटकेचा श्वास सोडला आहे, रडलेली ही एकटीच.

थ्रासोस तिच्यासाठी पुन्हा चावी फिरवतो.